मोतीबिंदूची लेन्स : साधी की घडीची?

वसईजवळच्या सांडोरसारख्या गावात घरातल्या आजोबांना मोतीबिंदू झाल्याचे कळले, की मुले-सुना पहिला प्रश्न विचारतात : लेन्स कोणती टाकायची, साधी की घडीची? मोफत मिळणारी साधी लेन्स कमी प्रतीची असेल, या शंकेने काही जण पैसे जमेपर्यंत ऑपरेशन लांबवतात.

दोन लेन्समधला फरक मुख्यतः प्लास्टिकचा आहे. १९४९ मध्ये लंडनला डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती पीएमएमए या कडक प्लास्टिकची होती. लढाऊ विमानाच्या छताचे याच प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. मात्र ही लेन्स वाकत नाही. सहा मिलिमीटर रुंद लेन्ससाठी छेदही जवळपास तेवढाच लागतो.

पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, हे अपवर्तनांक सांगतो. पीएमएमएचा तो १.४९, तर घडीच्या एका प्रचलित ॲक्रिलिक लेन्सचा १.५५. फरक किरकोळ वाटतो. पण लेन्स हवेत नसते, १.३४ अपवर्तनांकाच्या द्रवात असते. द्रवाशी असलेला फरक मोजला, तर पहिल्या लेन्सचा ०.१५ आणि दुसरीचा ०.२१ भरतो, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त. त्यामुळे तेवढ्याच नंबरची लेन्स पातळ होते आणि घडी करून तीन मिलिमीटरहून लहान छेदातून आत जाते.

हा आकडा वाढवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ पॉलिमरमध्ये बेंझिनची वलये जोडतात. त्यांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाने सहज हलतात. पण त्याची किंमतही मोजावी लागते : रंग जास्त विखुरतात, पृष्ठभागावरून परावर्तन वाढते आणि काहींना दिव्यांभोवती चमक जाणवते. शिवाय वलयांमुळे पदार्थ कडक होऊ लागतो, आणि लेन्स तर घडी होण्याइतकी मऊ हवी. म्हणून केवळ आकडा वाढवून भागत नाही.

घडीच्या लेन्सचा खरा फायदा लहान छेद आणि लवकर भरणारी जखम हा आहे. कडक लेन्सही योग्य तंत्राने, बहुधा टाके न घालता बसवता येते आणि दृष्टी चांगली मिळते. मात्र मोतीबिंदू फार पिकू दिला, तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. लेन्स कोणतीही असो, ऑपरेशन वेळेवर होणे महत्त्वाचे.