परसातील कोंबडी आणि उन्हाळा : उष्णता संतुलनाचा एक हिशोब

उष्णता संक्रमण शिकताना आपण बाष्पक, रेडिएटर, भट्टीची भिंत अशी उदाहरणे घेतो. या टिपणात तेच नियम दोन किलो वजनाच्या कोंबडीला लावून पाहू. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, निदान गावाकडे, पाच-दहा कोंबड्या असतील. अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हातात राहतात. त्यातून मीठ-तेल, मुलांच्या वह्या येतात. मे महिन्यातल्या एका दुपारी यातल्या चार कोंबड्या मेल्या तर त्याची नोंद कुठेच होत नाही, पण त्या घराचा पुढच्या वर्षभराचा हिशोब बिघडतो. विदर्भ आणि तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तोच भाग आपण उदाहरणासाठी धरू.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. दोन किलोची कोंबडी स्वस्थ बसली तरी अन्नपचन व शरीरक्रियेतून साधारण १० वॅट उष्णता तयार करते. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. हवा २० अंशांवर असेल तर अभिसरण आणि प्रारण एवढ्यावरच काम भागते. हवा ४१ च्या वर गेली की हे दोन्ही मार्ग उलटे वाहू लागतात, कारण उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते आणि आता कोंबडीच थंड बाजू असते. राहतो एकच मार्ग, बाष्पीभवन. त्वचेतून थोडे पाणी निघते, पण मुख्य काम उघड्या चोचीने धापा टाकून होते.

किती पाणी लागेल? १० वॅट म्हणजे तासाला ३६ किलोज्यूल. या तापमानाला पाण्याचा बाष्पनाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला सुमारे २.४ किलोज्यूल. भागाकार केला तर तासाला १५ ग्रॅम पाणी. आठ तासांच्या उन्हात १२० ग्रॅम. एरवी कोंबडी दिवसभरात २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते, म्हणजे निम्मे पाणी नुसते थंड राहण्यात गेले. म्हणूनच कडक उन्हाळ्यात तिचे पाणी दुप्पट होते. शिवाय धापा टाकायला स्नायू लागतात आणि स्नायूंच्या कामातूनही उष्णता निघते. एका मर्यादेपलीकडे धापा टाकण्याने जेवढे मिळते त्याहून जास्त खर्च होऊ लागते. शरीराचे तापमान ४५ च्या पुढे सरकले की कोंबडी वाचणे कठीण.

पाणी थंड का ठेवायचे, याचे उत्तर बहुतेक विद्यार्थी चुकीचे देतात. २५ अंशांचे पाव लिटर पाणी पोटात जाऊन ४१ अंशांपर्यंत तापले तर ते फक्त १७ किलोज्यूल उष्णता घेते, म्हणजे अर्ध्या तासाची सोय. तेच पाव लिटर वाफ होऊन बाहेर पडले तर ६०० किलोज्यूल. थंडपणाने थेट मिळणारा फायदा किरकोळ आहे. खरा मुद्दा असा की पाणी गरम झाले की कोंबडी ते पीतच नाही. काळ्या प्लास्टिकच्या भांड्यातले, उन्हात ठेवलेले पाणी दुपारी तिच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते. सावलीत ठेवलेले मातीचे पसरट भांडे, दिवसातून तीनदा भरलेले, हे त्यावरचे स्वस्त उत्तर आहे.

पत्रा

आता खुराड्याकडे या. गावात खुराड्यावर बहुधा जुना, गंजलेला पत्रा असतो. मेच्या मध्यान्ही चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट सौर प्रारण पडते. गंजका पत्रा त्यातले सत्तर टक्के शोषतो असे धरा, म्हणजे ६३० वॅट. पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक अंशामागे साधारण २२ वॅट बाहेर टाकतो. म्हणजे तो हवेपेक्षा २८-२९ अंशांनी जास्त तापणार. हवा ४३ अंश, तर पत्रा ७० च्या वर. खाली बसलेल्या कोंबडीचे अर्धे पृष्ठफळ, अंदाजे ०.०८ चौरस मीटर, या तव्याकडे तोंड करून आहे. प्रारणाचा गुणांक चौरस मीटरला दर अंशामागे ७ वॅट धरला तर तिच्यावर १५ वॅटच्या आसपास उष्णता येते. पिसे यातला बराच भाग अडवतात. समजा एक-तृतीयांश आत गेला, तरी ५ वॅट. म्हणजे जिला १० वॅट बाहेर टाकताना धाप लागली होती तिला आता १५ टाकायचे आहेत.

त्याच पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले तर शोषण सत्तर टक्क्यांवरून पंचवीसच्या आसपास येते. वरचीच आकडेमोड पुन्हा करा: पत्रा ५३ अंशांवर थांबतो आणि तो ५ वॅटचा बोजा २ वर येतो. पत्र्यावर उसाचे पाचट, कडबा किंवा तुरकाठ्यांचा वीतभर थर टाकला तर आणखी बरे. पत्र्याची खालची बाजू हवेच्या तापमानाजवळ राहते. (आगीची काळजी घ्या, चूल जवळ नको. आणि वादळात तो थर उडू नये म्हणून दोरीने बांधा.) दरवर्षी अंतिम वर्षाचे दोन-तीन गट 'स्मार्ट पोल्ट्री' नावाचा प्रकल्प आणतात. त्यात तापमानाचा सेन्सर असतो, मोबाइलवर संदेश येतो, पंखा आपोआप सुरू होतो. छपराला चुना लावला का, हे विचारले की सगळे गप्प. सेन्सरला माझा विरोध नाही, पण आधी बोजा कमी करावा आणि मग यंत्र लावावे.

दिशेचेही महत्त्व आहे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. नागपूरच्या अक्षांशावर मेच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा भिंतीपेक्षा छप्परच तापते. मात्र या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेकडच्या जाळीवरही संध्याकाळी ऊन येते. तिथे शेवगा किंवा एखादा वेल असला तर उत्तम.

तोच उपाय, उलटा परिणाम

बदलत्या हवामानातली खरी अडचण इथे आहे. दोन दिवस घ्या. मेमधला दिवस: ४३ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. जूनमधला, पावसाआधीचा कोंदट दिवस: ३४ अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओल्या बल्बचे तापमान पहिल्या दिवशी सुमारे २५ अंश, दुसऱ्या दिवशी सुमारे ३०.

पहिल्या दिवशी जाळीवर ओले गोणपाट टांगले तर आत येणारी हवा २५ अंशांकडे झुकते. निम्मा पल्ला गाठला तरी ३४ अंश. हा फार मोठा लाभ आहे. याच दिवशी गोणपाटाशिवाय पंखा लावला किंवा गरम वारा सरळ आत घेतला तर अभिसरणाने कोंबडीला उलट उष्णता मिळते, कारण हवा तिच्यापेक्षा गरम आहे.

दुसऱ्या दिवशी तेच गोणपाट हवेला जेमतेम दोन अंशांनी थंड करते, वारा अडवते आणि आत दमटपणा वाढवते. धापेतून बाहेर पडणाऱ्या संपृक्त हवेचा बाष्पदाब ४१ अंशांना सुमारे ७.८ किलोपास्कल. मेमध्ये बाहेरच्या हवेचा १.७, जूनमध्ये ४.०. फरक अनुक्रमे ६.१ आणि ३.८. म्हणजे हवा नऊ अंशांनी थंड असूनही प्रत्येक धापेची थंड करण्याची क्षमता एक-तृतीयांशाहून अधिक घटली. उलट आता हवा शरीरापेक्षा सात अंशांनी थंड आहे, म्हणून वारा कामाचा. गोणपाट काढा, सगळ्या बाजू उघडा, पंखा असेल तर आजच लावा. भुवनेश्वर, कोकण किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हा दुसरा दिवसच नेहमीचा मानावा. 'उन्हाळ्यात पोती भिजवा' हा सल्ला तिथे जसाच्या तसा चालत नाही.

खाद्याची वेळही याच हिशोबात बसते. खाल्ल्यानंतर काही तासांनी पचनाची उष्णता सर्वाधिक होते. म्हणून दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावा, दुपारी उचलून ठेवावा. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, बायकार्बोनेट घटते आणि अंड्याचे कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी हातात फुटतात ती यामुळे, केवळ कॅल्शियम कमी पडल्यामुळे नव्हे.

जातीची निवड करताना अंड्यांच्या आकड्यावर एकदम भुलू नका. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती देशी कोंबडीच्या दुपटीहून जास्त अंडी देतात, पण जास्त अंडी म्हणजे जास्त खाद्य आणि जास्त उष्णता. त्या सहसा खुडूकही बसत नाहीत, त्यामुळे पिल्ले विकत आणावी लागतात. उघड्या मानेच्या देशी कोंबडीला पिसे कमी असतात, ती उष्णता सहज सोडते. तिच्या संकरातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने हितकारी ही जात तयार केली आहे. दिसायला ती अनेकांना आवडत नाही. माझ्या मते कोरड्या पट्ट्यात तिचा विचार आधी व्हावा.

अवकाळी पाऊस मात्र पिल्लांचा शत्रू. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. एप्रिलच्या एका वादळी संध्याकाळी हवा तासाभरात पंधरा अंशांनी उतरते, तेव्हा सकाळी धापा टाकणाऱ्या कोंबडीशेजारी भिजलेली पिल्ले गारठून मरतात. पिल्लांची डालगी कोरड्या आडोशाला, कोंबड्यांपासून वेगळी ठेवा आणि बल्ब किंवा निखाऱ्याची शेगडी तयार असू द्या. खाली अंथरलेले भाताचे तूस भिजले तर त्याच रात्री बदला. ओल्या तुसातून अमोनिया निघतो आणि रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. मानमोडीची लस याच दिवसांत द्यायची असेल तर ती बर्फाच्या डब्यातून आणा आणि पहाटे द्या. ती जिवंत विषाणूची असते आणि दुपारच्या उन्हात कुपीतच निकामी होते.