युरिया आणि लोखंडाचा गंज

बुलढाणा जिल्ह्यात कपाशी व मक्याची पहिली निंदणी-कोळपणी आटोपली की शेतकरी वरखतासाठी युरियाची गोणी आणतो. ह्या पांढऱ्या खताच्या घडणीत गंजाच्या जातीचा एक पदार्थ मोलाची कामगिरी बजावतो, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

कारखान्यातील देवघेव

युरिया हा अमोनिया व कार्बन डायऑक्साइड ह्यांपासून तयार होतो. अमोनियासाठी हवेतील नत्राला हायड्रोजनची जोड द्यावी लागते. रायगड जिल्ह्यातील थळ येथल्यासारख्या कारखान्यांत हा हायड्रोजन नैसर्गिक वायू व पाण्याची वाफ ह्यांपासून मिळवितात. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निर्माण होतो व तो पुढील क्रियेस बाधक ठरतो.

येथे लोखंडाचे ऑक्साइड उपयोगी पडते. त्यात थोडे क्रोमियमचे ऑक्साइड मिसळून गोळ्या पाडतात आणि सुमारे ३५० ते ४५० अंश सेल्सिअस उष्णतामानात त्यांवरून वायू व वाफ सोडतात. कार्बन मोनॉक्साइड गोळीतील ऑक्सिजनचा अणू उचलतो व कार्बन डायऑक्साइड बनतो. रिकामी झालेली जागा वाफेतील ऑक्सिजन भरून काढतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. शेजाऱ्याकडून उसने नेलेले धान्य परत यावे, तसा हा व्यवहार होय. ऑक्साइड खर्ची पडत नाही. म्हणून त्यास उत्प्रेरक म्हणतात. व्हॅनेडियमच्या ऑक्साइडाविषयी अशीच देवघेव मार्स व व्हॅन क्रेव्हेलेन ह्या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडली होती.

ह्या क्रियेतील हायड्रोजन अमोनियासाठी व कार्बन डायऑक्साइड युरियासाठी वापरला जातो.

जमिनीतील उत्प्रेरक

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. जमिनीतही युरिएज नावाचा एक जैविक उत्प्रेरक असतो. तो युरियाचे विघटन करून पुन्हा अमोनिया बनवितो. मातीआड झालेला अमोनिया मातीचे कण धरून ठेवतात व पुढे तो पिकास मिळतो; परंतु ओलसर पृष्ठभागावर युरिया उघडा राहिल्यास अमोनिया हवेत उडून जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात व चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा धोका अधिक असतो.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. युरिया फेकून न देता ओळीच्या बाजूस द्यावा व लगेच मातीआड करावा.
२. संपूर्ण मात्रा एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावी.
३. मातीपरीक्षण करून, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे मात्रा ठरवावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही गोष्ट बांधावर प्रत्यक्ष करून दाखवावी. एवढ्या सायासाने बांधलेले नत्र पुन्हा वाऱ्यावर जाऊ देणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.