मोठ्या कंपनीला सॉफ्टवेअर विकायचं म्हणजे नेमकं काय?

मंडळी, मागच्या वेळी धुळ्याच्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, आमचं टूल चांगलं चालतं, मग मोठी कंपनी घेत का नाही?" आज त्याबद्दलच बोलू.

उत्तर आपल्या जळगावातच आहे. भवरलाल जैन यांनी 1963 साली 7,000 रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे ठिबक आलं. आता ठिबक काही नुसती नळी देऊन विकलं जात नाही. शेत मोजायचं, पाणी-माती बघायची, आराखडा करायचा, जैन हिल्सवर उभं पीक दाखवायचं, बसवून झाल्यावर सल्ला द्यायचा. शेतकरी पैसे देतो ते नळीचे नाही, येणाऱ्या केळीचे! सॉफ्टवेअरचंही तसंच आहे.

फरक एवढाच, की शेतकरी बांधावर उभा राहून स्वतः ठरवतो. मोठ्या कंपनीत गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस नसतो. टूल वापरणारा इंजिनिअर खूश असतो, पण सही त्याची नसते. आयटीवाले विचारतात, आमच्या जुन्या सिस्टीमशी जुळेल का? सुरक्षावाले विचारतात, डेटा कुठे राहणार? खरेदी विभाग तीन कोटेशनं मागतो. आणि वकील विचारतो, उद्या तुम्हीच बंद पडलात तर? या प्रत्येकाचं उत्तर आधीच लिहून न्या. वकिलासाठी, सोर्स कोड तिसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवण्याचा करार करता येतो.

पुण्याच्या क्विक हीलचं बघा. घरगुती अँटिव्हायरसमध्ये नाव झालेलं असूनही मोठ्या ग्राहकांसाठी त्यांनी 'सेकराइट' हा वेगळा ब्रँड काढला. घरी एक-दोन संगणक असतात, कंपनीत हजारो, आणि ते एका जागेवरून सांभाळायचे असतात. म्हणजे गरजच वेगळी.

दुसरं, पायलट फुकट करू नका. थोडे का होईना, पैसे घ्या. मुदत ठरवा. काय झालं म्हणजे पायलट यशस्वी, हे सुरुवातीलाच कागदावर घ्या. नाहीतर पायलट वर्षभर चालतो आणि ऑर्डर येतच नाही.

आता खरी गोम. ऑर्डर मिळूनही छोट्या कंपन्या बुडतात, कारण बिल अडकतं आणि पगार मात्र एक तारखेला द्यावाच लागतो. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण त्यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधी केलेली बरी.

अर्थात, एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कोण धजावतं? म्हणून करारातच आगाऊ रक्कम आणि टप्प्याटप्प्याने पैसे लिहून घ्या. आणि पहिली ऑर्डर हातात पडली की त्याच आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचं दार वाजवा.

चला, आता प्रश्न विचारा.