घोड्याच्या अंगावरचा फेस

माथेरानला शाळेची सहल गेली की मुले आधी घोड्यांकडे धावतात. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना मज्जाव असल्याने घोडा तेथे अजूनही रोजच्या कामाचा प्राणी आहे. चढ चढून आलेला घोडा मुलांना नीट पाहायला सांगा. मानेवर लगाम घासतो तेथे आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस दिसतो. 'याला साबण लावलाय का?' हा प्रश्न मग येतोच.

साबण नव्हे, पण साबणासारखे काम करणारे एक प्रथिन घोड्याच्या घामात असते. त्याचे नाव लॅथेरिन. १९८६ साली ते वेगळे काढून त्याच्या गुणधर्मांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घोड्याच्या केसांवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाण्याचे थेंब होऊन ते ओघळून जाते. घामही तसाच ओघळला तर अंग थंड कसे होणार? लॅथेरिन पाण्याचा पृष्ठताण कमी करते. त्यामुळे घाम केसांवर पसरतो, केसांच्या टोकांपर्यंत पोचतो आणि तेथून त्याची वाफ होते. फेस हे त्याचे दिसणारे लक्षण.

घोडा धुताना हा तेलाचा थर ध्यानात ठेवावा लागतो. दिवसभराच्या कामानंतर अंगावर असते काय? घामातले मीठ, तांबडी धूळ, कोंडा. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा बराच खारट असतो. वाळल्यावर अंगावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. पण मीठ पाण्यात विरघळते, धूळ खराऱ्याने सुटते. म्हणजे रोजच्या धुण्याला साधे पाणी पुरते! साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला, हे आपण वर्गात शिकवतोच. मात्र कोणते तेल मळाचे आणि कोणते घोड्याचे, हे त्या रेणूला कळत नाही. रोज साबण लावला तर मळाबरोबर घोड्याचा रेनकोटही धुऊन जातो. माथेरानच्या पावसात सतत भिजून त्वचा मऊ पडली आणि तिला इजा झाली, की डर्माटोफिलस नावाचे जीवाणू तेथे वाढतात आणि केसांसकट खपल्या निघू लागतात. खोगिराखाली किंवा तंगाच्या पट्ट्याखाली साबण राहून गेला तर तेथेही त्वचा चुरचुरते, घासून जखम होते. मग घोडा बांधून ठेवावा लागतो आणि घोडेवाल्याची त्या दिवसांची कमाई बुडते.

पाणी दुष्फेन असेल तर आणखी एक अडचण. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो आयाळीत बसतो. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून खळबळले की तो सैल होतो, कारण आम्लामुळे कॅल्शियम पुन्हा विद्राव्य रूपात जाते. जखमेवर मात्र व्हिनेगर झोंबते.

अंगाला तेलकट चिकटा बसला असेल, तर रिठा उत्तम. रिठ्याच्या प्रजातीचे नाव सॅपिंडस, म्हणजे 'भारताचा साबण'! आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टरफले लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी दहा मिनिटे उकळून गाळावे आणि बादलीभर पाण्यात मिसळावे. त्यातल्या सॅपोनिनची द्रावणे साबणासारखी अल्कधर्मी नसतात, किंचित आम्लधर्मी असतात, आणि दुष्फेन पाण्यात त्यांचा साका होत नाही. काढा दोन-तीन दिवसांत आंबतो. लागेल तेवढाच करावा.

तरीही 'घरगुती' म्हणजे 'सौम्य' हे समीकरण मला मान्य नाही. लिंबूही घरचे, खाण्याचा सोडाही घरचा आणि भांडी घासायचे द्रावणही घरचेच. शेवटचे तर तेल काढण्यासाठीच बनवलेले असते. खुद्द रिठा डोळ्यांत गेला की आग होते, आणि सॅपोनिन माशांना मारक असते. ते पाणी ओढ्यात सोडू नये. कोणताही फेस लावला तरी पाणी निथळ येईपर्यंत अंग धुतले पाहिजे. यात घाई केली तर रिठा काय नि साबण काय, सारखेच.

हे वर्गात पाहता येते. दोन बाटल्यांत पाणी घेऊन दोन्हींत चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट विरघळवा. एकीत अंगाच्या साबणाचा कीस, दुसरीत रिठ्याचा काढा घालून जोराने हलवा. पहिलीत पांढरट साका दिसेल, दुसरीत फेस. मग घोडेवाल्याकडून खराऱ्यात अडकलेले थोडे केस मागून आणा. एक पुंजका साध्या पाण्यावर, दुसरा रिठ्याच्या पाण्यावर अलगद ठेवा आणि कोणता आधी भिजून बुडतो ते घड्याळ लावून मुलांना मोजू द्या.