लंडनचं पत्र : कोठडीवरचं घड्याळ

लंडन : इथल्या ठाण्यात पकडून आणलेल्या माणसाला थेट चौकशीच्या खोलीत नेता येत नाही. आधी त्याला काउंटरमागच्या कस्टडी सार्जंटपुढे उभं करावं लागतं. या सार्जंटचा त्या तपासाशी संबंध असता कामा नये, असा कायदाच आहे. अटक कशासाठी, कोठडीत ठेवण्याची गरज काय, हे तो विचारतो. कारण पटलं नाही, तर सोडण्याचा हुकूम त्यानेच द्यायचा. पटलं, तर नोंद उघडते, आणि तिच्यात सगळ्यात मोलाची असते ती माणूस ठाण्यात आल्याची वेळ. सर्वसाधारणपणे तिथून घड्याळ चालू. पोलिसांच्या बोलीत ‘पेस क्लॉक’.

पेस म्हणजे १९८४ चा पोलीस व फौजदारी पुराव्याचा कायदा. आरोप ठेवा नाहीतर २४ तासांत सोडा, हा त्याचा मूळ नियम. कोठडीची गरज उरली आहे का, हे पहिल्या सहा तासांत आणि मग दर नऊ तासांनी इन्स्पेक्टरने तपासायचं. गुन्हा गंभीर असेल तर सुपरिंटेंडंटच्या सहीने ३६ तास. त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, आणि तिथेही एकूण ९६ तासांवर दरवाजा बंद. (हे इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये मूळ मुदत १२ तासांचीच.)

मराठी वाचकाला यात एक गंमत दिसेल. आपल्या राज्यघटनेचं २२ वं कलम पकडलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतं. इथे ३६ तासांपर्यंत पोलिसांच्याच सहीवर भागतं. पण आपला मॅजिस्ट्रेट एकूण १५ दिवसांची पोलीस कोठडी देऊ शकतो. इथल्याच्या हातात चार दिवसांहून जास्त नाही.

ही काटेकोर वृत्ती इंग्रजांच्या रक्तात नव्हती, फजितीतून आली. १९७२ मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका खुनात तीन मुलांनी कबुली दिली. धाकटा १४ वर्षांचा, थोरला १८ चा, पण समज लहान मुलाची. जबाब घेताना शेजारी वकील नव्हता. शिक्षा झाल्या, आणि १९७५ मध्ये अपील कोर्टाने त्या रद्द केल्या. मग चौकशी, रॉयल कमिशन आणि शेवटी पेस.

दहशतवादाच्या संशयितांना वेगळं माप आहे : आज १४ दिवस. टोनी ब्लेअरना ९० हवे होते. नोव्हेंबर २००५ मध्ये कॉमन्सने ते ३२२ विरुद्ध २९१ मतांनी फेटाळले. पंतप्रधान झाल्यापासून सभागृहातला त्यांचा तो पहिला पराभव. पुढे गॉर्डन ब्राउन ४२ दिवसांवर आले. कॉमन्समध्ये नऊ मतांनी निभावले, लॉर्ड्समध्ये आपटले.

मात्र घड्याळाला एक बटण आहे : पोलीस जामीन. संशयिताला घरी पाठवलं की काटे थांबतात, महिन्यांनी परत बोलावलं की पुढे चालू. २५ वर्षं हे कुणाला खटकलं नाही. २०११ मध्ये सॉल्फर्डच्या एका न्यायाधीशाने कायदा शब्दशः वाचला : काटे थांबतात असं लिहिलंय कुठे? हायकोर्टानेही तेच म्हटलं. पोलीस दलांची झोप उडाली, आणि पार्लमेंटने काही आठवड्यांतच जुना अर्थ कायद्यात घालून घेतला.

त्यानंतर तक्रारी उलट बाजूने आल्या. रेडिओ निवेदक पॉल गॅम्बाचिनी वर्षभर जामिनावर लटकले आणि शेवटी आरोपच ठेवला गेला नाही. त्यांनी मोहीम उघडली, म्हणून २०१७ मध्ये पोलीस जामिनावर २८ दिवसांची मर्यादा आली. पोलिसांनी यावर तोड काढली : जामीन न लावताच, ‘तपास चालू ठेवून’ सोडायचं. २०२२ च्या कायद्याने जामिनाची पहिली मुदत तीन महिन्यांची केली. ती वाढवायला वरिष्ठांची सही आणि नऊ महिन्यांनंतर मॅजिस्ट्रेट लागतो. ‘तपास चालू ठेवून’ सोडलेल्या माणसाला मात्र कुठलीच मुदत लागू नाही.