न्हाणीघराची फरशी बिघडली, तर?

न्हाणीघराच्या नूतनीकरणासाठी पंधरा-वीस दिवस धूळ आणि गैरसोय सोसावी, पदरचे पैसे मोजावेत आणि काम संपल्यावर पाहावे तो सांधे वाकडे, एक लादी वर तर शेजारची खाली, पाणी जाळीकडे न जाता दाराशी साचलेले! घरमालकाचा संताप आणि मिस्त्रीचे 'एवढे तेवढे चालतेच' यांच्या वादात मूळ प्रश्न बाजूला राहतो. दोष केवळ दिसण्याचा आहे की कामाचा, हे आधी ठरवायला हवे. भांडणाचा सारा जोर बहुधा डोळ्यांना खुपणाऱ्या सांध्यांवर खर्च होतो आणि खरा धोका पैसे चुकते केल्यावर उघडकीस येतो.

पहिली परीक्षा उताराची. बादलीभर पाणी ओतून थोडा वेळ थांबावे. न्हाणीघरात मीटरमागे साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर उतार लागतो. तो पाणसळ लावून कोणालाही तपासता येतो. मग लाकडी दांड्याने वा नाण्याने लाद्या ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला, तर आत माल नीट भरलेला नाही. लादीच्या पाठीवर मधोमध सिमेंटचा गोळा थापून ती भिंतीवर दाबायची, ही अनेक गवंड्यांची जुनी सवय. त्यात कोपरे रिकामे राहतात. त्यातून व्हिट्रिफाइड लादी जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे साधे सिमेंट तिला नीट पकडत नाही. तिच्यासाठी टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागते व त्याकरिता 'आयएस १५४७७' हे भारतीय मानकही आहे. लाद्या एकमेकींना भिडवून 'सांधा दिसतच नाही' असे काम करून घेण्याची हौसही महागात पडते. दोन-तीन मिलिमीटरची फट नसेल, तर प्रसरण पावणाऱ्या लाद्यांना जागाच उरत नाही आणि त्या उचलल्या जातात.

उपाय दोषागणिक बदलतो. डागाळलेले वा कमी-जास्त भरलेले सांधे खरवडून पुन्हा भरता येतात. एखाददुसरी पोकळ लादी भोवतीचा सांधा कापून काढता येते. त्यासाठी त्याच बॅचच्या पाच-सहा लाद्या शिल्लक ठेवलेल्या बऱ्या, कारण पुढल्या बॅचमध्ये रंगछटा हमखास बदलते. उतार चुकला असेल, तर मात्र फरशी उखडण्यास पर्याय नाही. 'वरून अजून एक लादी बसवतो' हा मिस्त्रीचा तोडगा स्वीकारू नये. त्याने उंबऱ्याची उंची कमी होते आणि खालचा दोष तसाच राहतो. छिन्नी चालली की खालच्या जलरोधक थरालाही इजा होण्याची शक्यता असते. म्हणून तो थर नव्याने देऊन, जाळी बंद करून, किमान चोवीस तास पाणी तुंबवावे आणि खालच्या मजल्यावरचे छत पाहावे. तिथे ओल उतरली, तर शेजाऱ्यांचा रोष मिस्त्रीवर नव्हे, तुमच्यावरच येणार!

हे सारे शेवटचा हप्ता देण्यापूर्वी व्हायला हवे. दहा-पंधरा टक्के रक्कम या परीक्षांनंतरच देण्याची अट कामाआधीच लिहून घ्यावी. तोंडी ठरलेल्या कामात नंतर काही सिद्ध करणे कठीण जाते. दोष आढळल्यास तारखेसह छायाचित्रे काढून, दुरुस्तीसाठी मुदत देणारे पत्र ठेकेदाराला पाठवावे. दुसऱ्या गवंड्याकडून लगेच तोडफोड करून घेऊ नये, कारण त्याने पुरावाच नाहीसा होतो. ठेकेदार दाद देत नसेल, तर '१९१५' या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कामापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क पडत नाही आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही.