दहावीच्या गुणांनी वैद्यकाचे द्वार बंद होत नाही

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली-भामरागडच्या ज्या विद्यार्थ्याची दहावीची गुणपत्रिका निराशाजनक ठरली असेल, त्याने हे निःशंक ध्यानी धरावे की वैद्यकीय प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत ते गुण हिशेबातच धरले जात नाहीत.

पात्रता : बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांस ४०.

परीक्षा : ७२० गुणांची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, निम्मे गुण जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये रद्द झाली असून प्रयत्नांच्या संख्येवर बंधन नाही.

दाखले : अनुसूचित जमातीच्या उमेदवाराने जात वैधतेचा अर्ज मुदतीपूर्वीच दाखल करावा, अन्यथा परिश्रमाने मिळविलेली जागा कागदाअभावी जाते.

जवळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये (कंसात आरंभवर्ष) : चंद्रपूर (२०१५), गडचिरोली (२०२४).